ऐच्छिक विषय

तीन वर्षांपूर्वी असल्याच एका दिवाळी अंकात मी एक लेख लिहिला होता. हल्लीची मुले, त्यांच्या हातांतली यंत्रे, ओस पडलेली मैदाने आणि एकंदर संस्कृतीचा ऱ्हास, असा तो सगळा जुनाच मालमसाला होता. लेख आमच्या भागात बराच गाजला. गाजला म्हणजे शाळेच्या शिक्षकखोलीत त्याचे मोठ्याने वाचन झाले, दोन पालकांनी मला भर बाजारात थांबवून हात जोडले आणि माझ्या धाकट्या बहिणीने त्याचे कात्रण आपल्या फ्रिजच्या दारावर लावले. तो लेख मी आज परत घेत आहे. छापलेला शब्द परत घेता येत नसतो हे मला कळते. म्हणूनच ज्या वाचकांनी तो फराळाबरोबर गोड मानून घेतला, त्यांच्यापुढे हा दुसरा ठेवतो. हा तितका गोड लागेल असे वाटत नाही.

प्रथम माझी योग्यता सांगून टाकतो. मी मॅट्रिक. त्यापुढे चित्रकला शिक्षकाची पदविका. मालवणच्या बाजूला एका हायस्कुलात मी चित्रकला शिकवतो आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. चित्रकलेचा तास ही काय चीज आहे, हे ज्यांनी शाळा पाहिली आहे त्यांना सांगायला नको. गणिताच्या शिक्षकाचा भाग मागे राहिला की तो हा तास उसना मागतो. विज्ञानाचा मागे राहिला की तोही मागतो. गेली वीस वर्षे मी तास उसने देत आलो आहे, आणि त्यांतला एकही अजून परत आलेला नाही. 'याचा उपयोग काय?' हा प्रश्न माझ्या विषयाला जितक्या वेळा विचारला गेला असेल तितका दुसऱ्या कुठल्या विषयाला विचारला गेला नसेल. तोच प्रश्न मी दुसऱ्याला विचारायला निघालो होतो, ती हकिगत अशी.

माझा भाचा एकोणीस वर्षांचा आहे. बारावीत एकदा अडला, दुसऱ्या खेपेला सुटला आणि आता घरी आहे. त्याचे वडील जहाजावर नोकरीला असतात. मागच्या सुटीत त्यांनी कुठल्याशा बंदरातून जुने प्लेस्टेशन आणि त्याबरोबर एक खेळ आणला. खेळाचे नाव 'रेड डेड रिडेम्प्शन २'. नावाचा अर्थ मला विचारू नका. मी शब्दकोश काढून बसलो होतो, पण लागला नाही. भाच्याने दोन महिन्यांत खेळातली गोष्ट संपवली. इथवर बहिणीनेही सहन केले. पण गोष्ट संपल्यावरही पोरगा उठेना, तेव्हा तिने गणपतीच्या दिवसांत मला बोलावून घेतले.

"गोष्ट संपली तरी ह्येचा संपाक नाय, दादा," ती म्हणाली. "पडद्यावर फुला खुडता, मासे पकडता. तूच कायतरी सांग तेका. तू लिवलंस मां पेपरात!"

तेव्हा मी उपदेश करण्याच्या तयारीने गेलो, आणि उपदेश करायचा तर अपराध नीट पाहून घ्यावा म्हणून तीन संध्याकाळी त्याच्या शेजारी बसलो. ही माझी पहिली चूक. लेख लिहिताना मी ती केली नव्हती.

ज्यांना या प्रकाराची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. हा खेळ २०१८ सालच्या ऑक्टोबरात निघाला. काढणारी कंपनी रॉकस्टार गेम्स. गोष्ट १८९९ सालातली, अमेरिकेच्या पश्चिमेची. बंदूकबाजांचे दिवस भरत आलेले, रेल्वे आणि कायदा दाराशी पोचलेला, आणि डच व्हॅन डर लिंड नावाच्या दरोडेखोराची टोळी पळ काढत असलेली. टोळीतला आर्थर मॉर्गन हा आपला नायक. तो काही साधू नव्हे. कर्जाच्या वसुलीसाठी एका आजारी माणसाला मारताना त्याला त्याच माणसाकडून क्षयाची लागण होते, आणि त्या क्षयाने तो खंगत जातो. आमच्या नीतिपाठाच्या पुस्तकांत पापाची इतकी रोकठोक पावती मी तरी वाचलेली नाही. खेळात रक्तपात पुष्कळ आहे. अठरा वर्षांच्या आतल्यांसाठी तो नाही असा शिक्का त्यावर असतो आणि तो योग्यच आहे. माझ्या लेखाचा दाखला देऊन कुणी सातवीतल्या मुलाला तो आणून देऊ नये.

आता मुद्द्याची गोष्ट. या गोष्टीच्या बाहेर, बाजूला, खेळ करणाऱ्यांनी नऊ प्रकारची आव्हाने ठेवली आहेत. घोडेस्वाराची, नेमबाजाची, शिकाऱ्याची, वनस्पती ओळखणाऱ्याची, रानात तगून राहणाऱ्याची, शस्त्रे चालवणाऱ्याची, गुप्तधन शोधणाऱ्याची, जुगाऱ्याची आणि लुटारूची. प्रत्येक प्रकारात दहा, म्हणजे एकूण नव्वद. ती क्रमानेच करावी लागतात. पहिले काम झाल्याशिवाय दुसरे मोजत नाहीत. तुम्ही नकळत आधीच करून बसला असाल तरी पुन्हा करा! आणि गंमत अशी की, यांतले एकही आव्हान पुरे केले नाही तरी गोष्ट अडत नाही. नायकाचे जे व्हायचे ते होतेच. बदल्यात मिळते काय? तर पिस्तुलाची जरा बरी म्यान, पट्टा, आणि नव्वदच्या नव्वद झाली की एक डौलदार पोशाख. शाळेच्या भाषेत सांगायचे तर हा संपूर्ण ऐच्छिक विषय.

मी बसलो त्या पहिल्या संध्याकाळी भाचा घोडेस्वाराच्या सहाव्या आव्हानावर अडलेला होता. स्ट्रॉबेरी नावाच्या गावाहून सेंट डेनिस या शहरापर्यंत नऊ मिनिटांच्या आत घोडा नेऊन पोचवायचा, आणि वाटेत पाण्याला स्पर्श होता कामा नये. समुद्राच्या दांड्यावर जन्मलेल्या पोराला पाणी चुकवायला सांगायचे, हा मला आधी विनोदच वाटला. त्याने माझ्यासमोर अकरा वेळा प्रयत्न केला. एकदा घोडा दमून ढेपाळला. एकदा वळणावर समोरून गाडी आली आणि घोडा, स्वार, गाडी सगळेच एकमेकांत गुंतून पडले. एकदा वेळेत होता, पण ओढ्याच्या काठाला घोड्याचे खूर ओले झाले. प्रत्येक वेळी तो काही न बोलता पुन्हा स्ट्रॉबेरीला परत. मी वीस वर्षे मुलांना 'पुन्हा काढ' म्हणत आलो आहे. दुसऱ्यांदा सांगितले की त्यांच्या डोळ्यांत पाणी येते, तिसऱ्यांदा सांगितले की त्यांचे वडील येतात. इथे अकरा वेळा झाले आणि 'पुन्हा कर' असे सांगणारा कुणी नव्हताच.

मध्येच त्याने उशीखालून एक कागद काढला. कालनिर्णयचे फाडलेले पान होते. त्याच्या पाठीमागे त्याने पेन्सिलीने सगळी वाट काढली होती. पूल कुठे, चढ कुठे, रेल्वेचा रूळ कुठे आडवा येतो, घोड्याला दम कुठे खाऊ द्यायचा, झाडी कुठे दाट आहे म्हणून वाट सोडायची नाही. अंतरांची प्रमाणे डोळ्यांनी धरलेली, पण जवळजवळ बरोबर. हा तोच मुलगा, ज्याला शासकीय इंटरमिजिएट परीक्षेत माझ्याच हाताखाली 'सी' श्रेणी मिळाली होती. कर्तव्यभूमितीच्या पेपरात याने वर्तुळाला स्पर्शिका काढायची सोडून वर्तुळालाच छेद दिला होता. तो कागद हातात धरून मी बराच वेळ बसलो. उपदेश घशातच राहिला.

या 'सी' श्रेणीचे थोडे सांगायला हवे, कारण माझा राग खरा तिथे आहे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आल्या आहेत. आज त्या कला संचालनालय घेते. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, कर्तव्यभूमिती आणि अक्षरलेखन. त्या सक्तीच्या नव्हत्या, आजही नाहीत. माझ्या लहानपणी आम्ही त्यांना बसायचो ते केवळ हातात खाज होती म्हणून. पुढे दहावीला इंटरमिजिएटचे वाढीव गुण मिळू लागले. 'ए' ला ७, 'बी' ला ५, 'सी' ला ३. कलेला उत्तेजन मिळावे हा हेतू, आणि हेतूबद्दल माझी तक्रार नाही. मीच पहिल्या वर्षी पेढे वाटले होते. पण झाले काय? माझा वर्ग भरला. कधी रंगाची पेटी न उघडलेली मुले येऊन बसली. पालक विचारू लागले, 'सात मिळतील ना, सर?' आणि परीक्षा झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून वर्ग रिकामा. त्या मुलांचे ब्रश कपाटात तसेच वाळून लाकूड होतात. मी दर वर्षी ते फेकतो. भाच्यानेही तीन गुण घेतले आणि पेन्सिल टाकली. त्यानंतर त्याने स्वतःहून काढलेले पहिले चित्र म्हणजे ते कालनिर्णयच्या पाठीवरचे.

आणि जिथे गुणही द्यायचे नसतात तिथे सरकारी दृष्टी काय आहे तेही पाहा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी कलाशिक्षणाचा अंशकालीन निदेशक सांगितला आहे, पण पट शंभराच्या वर असेल तरच. आमच्या बाजूच्या वाड्यावाड्यांतल्या शाळांत शंभराचा आकडा म्हणजे सुरमईच्या हंगामातली गर्दी, ऐकायला बरी. म्हणजे नव्व्याण्णव मुलांना चित्रकला नको, एकशे एकाव्याला हवी! या हिशेबावर कुणी लेख लिहिला नाही. मीही लिहिला नाही. मी लिहिला तो मुलांच्या हातांतल्या यंत्रांवर, कारण मुले उलट उत्तर छापीत नाहीत.

कोणी म्हणेल, मास्तर, तुमचे दुखणे तुमच्या तासाचे आहे, त्याला पोराचा खेळ कशाला बांधता? बांधतो, कारण प्रश्न एकच आहे. ज्या कामाला गुण नाहीत, पगार नाही, ज्याचे फळ दुसऱ्याला दाखवता येत नाही, अशा कामावर माणसाने जीव टाकावा की नाही? आपण सगळे तोंडाने 'टाकावा' म्हणतो आणि कोणी टाकलेला दिसला की दिवा मालवतो. माझ्या वडिलांनी बाबूराव अर्नाळकरांचा 'काळा पहाड' बीजगणिताच्या पुस्तकात लपवून वाचला आणि आजोबांनी तो चुलीत घातला. वडिलांनी माझी चित्रांची वही घातली नाही, पण तिच्याकडे ते ज्या नजरेने पाहत ती नजर मला चुलीपेक्षा जास्त भाजत असे. मग मी मोठा झालो आणि लेख लिहिला.

आमचे बालपण किती चांगले होते, हा राग मी इथे आळवणार नाही. तरी एक आठवण सांगतो. पाग टाकायला मला शेजारच्या एका म्हाताऱ्याने शिकवले. जाळे हवेत फिरवून असे सोडायचे की ते पाण्यावर पडताना ताटासारखे गोल उघडले पाहिजे, काठाचे शिसे एकदम बुडाले पाहिजे. त्याने मला पाण्याजवळ जाऊ दिले नाही. दीड महिना कोरड्या अंगणात टाकायला लावले. नारळाच्या झावळ्यांत अडकलेले जाळे सोडवता सोडवता माझी बोटे सोलली. ज्या दिवशी माझ्या हातून पाग पहिल्यांदा पुरा गोल उघडला, त्या दिवशी अंगणात मासा एकही नव्हता. तरी मी ओरडत घरात गेलो. पुढे मी काही मासेमार झालो नाही, आणि पाग गेल्या पंचवीस वर्षांत हातात धरलेला नाही. उपयोग काय झाला, असे विचाराल तर मला सांगता यायचे नाही.

आणि हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा आमच्याकडे गावोगाव नरकासुर उभे राहत असतील. बांबूचा सांगाडा, पेंढा, रद्दी, खळ. पोरे आठ-आठ रात्री जागतात आणि चतुर्दशीच्या पहाटे सगळे जाळून मोकळी होतात. याहून निरुपयोगी उद्योग शोधून सापडणार नाही, आणि याहून मन लावून केलेलाही. त्यात बक्षिसांच्या स्पर्धा शिरल्या तेव्हापासून आमच्या वाडीत मुखवटा बाजारातून तयार येतो. पूर्वी तो लगद्याचा बनवीत. त्याचे नाक नेहमी वाकडे व्हायचे.

आता मी परीक्षकाच्या खुर्चीत बसतो, कारण भाच्याच्या खेळाचा पेपरही काही निर्दोष नाही. जुगाऱ्याचे आठवे आव्हान घ्या. ब्लॅकजॅक नावाच्या पत्त्यांच्या डावात तीन किंवा अधिक पाने जादा मागून जिंकायचे, तेही तीनदा. यात कौशल्य कसले? पाने वाटणाऱ्याची मर्जी. भाच्याने त्यात पाच रात्री घातल्या आणि शेवटी सुटला तो नशिबाने, म्हणजे न शिकता. अशा प्रश्नाला मी प्रश्नपत्रिकेतून काढून टाकीन. घोडेस्वाराच्या चौथ्या आव्हानात एका माणसाला दोराने बांधून ३,३०० फूट, म्हणजे एक किलोमीटर, घोड्यामागे फरफटत न्यायचे असते. ते मी पाहू शकलो नाही, उठून बाहेर गेलो. आणि वनस्पतींच्या नवव्या आव्हानात प्रत्येक जातीची एकेक वनस्पती खुडायची. भाच्याने खुडली. पण एकदा खुडून झालेल्या फुलाकडे तो पुन्हा पाहीना. घोडा सरळ त्यावरून न्यायचा. हे मी ओळखले. ही माझ्याच वर्गातली तीन गुणांची पेन्सिल. यादीवर खूण झाली की वस्तू मरते, मग ती यादी अमेरिकेतल्या कंपनीने केलेली असो की आमच्या संचालनालयाने.

बहीण याच जागी मला पकडते. "मगे? तूच सांगतंस मां?" ती म्हणते. "परड्यात टाकळो उगवता तो ह्येका ओळखाक येना नाय, आणि थयली झाडां पाठ." ती खरे बोलते. पण मी तिला उलट विचारले, टाकळा याला कोणी कधी दाखवला? तो ताटात आला तेव्हा याने खाल्ला. पेरल्याशिवाय उगवणारी, पहिल्या पावसात येणारी, बीजाच्या आधी कोवळी खुडायची, ही त्या भाजीची सगळी कथा तुझ्या सासूबरोबर गेली. परदेशातल्या माणसांनी आपल्या कल्पनेतल्या रानातले पानन् पान ओळखीचे करून ठेवले, याने ते ओळखले. आपण परडे दाखवले नाही. यावर ती काही बोलली नाही, पण तिने चहाही विचारला नाही.

आता जी गोष्ट पाहून माझी पुरती मोड झाली, ती. तिसऱ्या संध्याकाळी भाच्याने पडद्यावर एक वही उघडली. आर्थर मॉर्गन म्हणे रोजनिशी लिहितो. लिहितो एवढेच नव्हे, तो चित्रे काढतो! पाहिलेले हरीण, खुडलेले झाड, मुक्काम केलेला डोंगर. जे जे भेटेल ते पेन्सिलीने वहीत. मी खुर्ची पुढे ओढली. रेषा मोकळी. छाया आडव्या रेघांनी भरलेली, घाईत, पण जागच्या जागी. स्मरणचित्राच्या पेपराला मी निःशंक 'ए' दिली असती. आणि हा दरोडेखोर! ही चित्रे तो कुणाला दाखवीत फिरत नाही. त्याला त्यांचे गुण नाहीत. छातीत क्षय घेऊन घोड्यावरून उतरतो आणि पक्षी काढतो. भाचा म्हणाला, "ह्यो मेल्यावर वही जॉनाक मिळता." हा जॉन मार्स्टन, टोळीतलाच साथीदार. आर्थरनंतर उरलेला खेळ त्याच्या हातात येतो, आणि आर्थरने जी आव्हाने जिथे सोडली तिथपासून ती जॉन पुढे चालवतो. कामे करणारा गेला तरी कामे मोजलेलीच राहतात. मी कादंबऱ्या लिहिणारा माणूस आहे. असे कथानक मला सुचले असते तर मी मिशीला पीळ दिला असता.

यानंतर घरात जी बैठक झाली ती सुखाची नव्हती. जहाजावरून मेहुण्यांचा फोन आला. सुटीवर आलो की यंत्र विकून टाकतो, म्हणाले. बहिणीने मुलासमोर मला विचारले, तू सांग काय करायचे. तिला माझे उत्तर ठाऊक होते. ते फ्रिजवर लावलेलेच होते. तिची भीती खोटी नाही हे मी जाणतो. एकोणीस वर्षांचा मुलगा, नोकरी नाही, आयटीआयचा अर्ज अर्धवट भरलेला. या खेळाने त्याला भाकरी मिळणार नाही, आणि मी तिला मिळेल अशी थापही मारली नाही. अर्ज आधी भर, हे मी त्याला तिथल्या तिथे दरडावून सांगितले, आणि तो त्याने दोन दिवसांत भरला. पण यंत्र विकू नका, असेही मी सांगितले. जो मुलगा सांगणारा कोणी नसताना अकरा वेळा परत फिरतो, त्याच्या हातून ती एकच जागा काढून घेतली तर उरते काय? आपण त्याला बारा वर्षे शाळेत ठेवले आणि त्याच्यात ही चिकाटी आहे हे आपल्यापैकी एकालाही कळले नाही. मला कळले नाही; मी त्याला 'सी' दिली. श्रेणी बरोबर होती. स्पर्शिका खरेच चुकली होती.

बहीण चार दिवस माझ्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी गेलो तेव्हा फ्रिजवरचे कात्रण नव्हते. तिथे कालनिर्णयचे पान लावलेले होते, पण चित्राची बाजू आत आणि तारखांची बाहेर. दुधाचा हिशेब लिहायला.

यंत्र अजून विकलेले नाही. मेहुणे यायचे आहेत. दरम्यान मी संध्याकाळी तिकडे जाऊन बसतो. आधी नुसता पाहत असे, हल्ली काठी माझ्या हातात देतात. सहाव्या आव्हानात माझा सर्वांत बरा वेळ नऊ मिनिटे बावीस सेकंद आहे. काल तर मी साडेआठालाच शहराचे दिवे पाहिले होते. घाईत पूल चुकलो आणि घोडी पोटापर्यंत पाण्यात.

"मामा, पूल डावीकडे होतो," भाचा म्हणाला. "आता परत स्ट्रॉबेरीक जावा."